कामगाराचा अपघात, मालकाचे दायित्व आणि विमा

बेळगावच्या उद्यमबागेत असो, फोंड्याच्या किंवा म्हापशाच्या बाजारपेठेत असो, अगर इंदूर-बडोद्याच्या एखाद्या गल्लीत असो, पाचसात माणसे हाताशी घेऊन चालविलेला लहान कारखाना सर्वत्र दृष्टीस पडतो. कोठे लेथ फिरत असतो, कोठे बेकरीची भट्टी पेटलेली असते, कोठे सुताराची यांत्रिक करवत चालू असते. अशा कारखान्याच्या मालकाचे कपाट उघडून पाहिले, तर त्यात बहुधा दोन विमापत्रे सापडतात. एक इमारतीच्या व मालाच्या आगीचे आणि दुसरे माल वाहून नेणाऱ्या टेम्पोचे. पहिले बँकेने कर्ज देताना मागितलेले असते आणि दुसरे कायद्याने सक्तीचे असते. परंतु ज्या पाचसात माणसांच्या हातांवर तो सारा व्यवसाय उभा आहे, त्यांच्या अपघाताचे विमापत्र मात्र त्या कपाटात क्वचितच आढळते.

मालक निर्दय असतात म्हणून असे घडते, असे नव्हे. पुष्कळदा उलटच स्थिती असते. "आमची माणसे घरच्यासारखी आहेत, काही कमीजास्त झाले तर आम्ही पाहून घेऊ," असे तो मालक सांगतो, आणि ते मनापासून सांगतो. परंतु 'पाहून घेणे' म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नेमके किती रुपये, कोणाला, केव्हा आणि कोणामार्फत द्यावयाचे, याची कल्पना फार थोड्यांना असते. ही कल्पना नसल्यामुळे अपघातानंतर दोन घरे संकटात सापडतात. एक कामगाराचे आणि दुसरे मालकाचे.

हा कायदा कसा आला, हे प्रथम थोडक्यात पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात गिरणीत किंवा रेल्वेत कामगार दगावला, तर त्याच्या विधवेला न्यायालयात जाऊन मालकाची चूक सिद्ध करावी लागे. आपल्याकडे 1855 सालचा प्राणांतिक अपघातांविषयीचा कायदा होता. पण त्यातही दुसऱ्याचा अपराध दाखविल्यावाचून काही हाती लागत नसे. इंग्लंडमध्ये तर 1837 सालच्या एका निकालापासून असे तत्त्व रूढ झाले की, सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली असेल तर मालक जबाबदार नाही. यंत्राशी काम करताना घडणाऱ्या अपघातात कोणाचीच ठळक चूक नसते, किंवा सर्वांचीच थोडीथोडी असते. त्यामुळे गरीब कुटुंबाच्या पदरी निराशाच येई. जर्मनीने 1884 साली मालकांच्या वर्गणीतून चालणारा अपघात विमा सुरू केला. इंग्लंडने 1897 साली कायदा करून नवे तत्त्व मान्य केले: चूक कोणाची हा प्रश्न बाजूला ठेवावा, ज्याच्या कामात माणूस जायबंदी झाला, त्याच्या व्यवसायाने तो खर्च सोसावा. यंत्राची झीज जशी धंद्याच्या हिशेबात धरतात, तशीच माणसाची हानीही धरावी, हा त्यामागील विचार होय.

हिंदुस्थानात हा विचार 1923 सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आला. तो 1 जुलै 1924 पासून लागू झाला. ज्या मध्यवर्ती विधिमंडळाने तो संमत केला, त्यात ना. म. जोशी हे मजुरांचे प्रतिनिधी म्हणून बसत होते. 2009 सालच्या दुरुस्तीने या कायद्याच्या नावात 'कामगार' या शब्दाच्या जागी 'कर्मचारी' हा शब्द आला. हा बदल 18 जानेवारी 2010 पासून अमलात आला. पुढे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या कायद्याचा अंतर्भाव करण्यात आला आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. कलमांचे क्रमांक बदलले, काही दर ठरविण्याचा अधिकार सरकारकडे गेला; परंतु शंभर वर्षांपूर्वीचा गाभा तसाच राहिला आहे.

हा गाभा एका वाक्यात सांगता येतो. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात होऊन कामगाराला इजा झाली, तर मालकाची चूक असो वा नसो, भरपाई देण्याचे दायित्व मालकावर येते. कामगार कायम आहे की रोजंदारीवरचा, हाही प्रश्न आता उरलेला नाही. पूर्वी नैमित्तिक कामगाराला या कायद्यातून वगळले जाई. 2000 सालच्या दुरुस्तीने ते वगळणे रद्द झाले. कोणकोणत्या कामांना हा कायदा लागू होतो याची यादी कायद्याच्या परिशिष्टात दिलेली असून ती बरीच लांब आहे. कारखान्यातील यंत्रकाम, इमारतीचे बांधकाम व पाडकाम, खाणकाम, मोटार चालविणे, झाडे तोडणे, इतकेच काय पण माड छेदून माडी काढणे हेदेखील तिच्यात येते. गोव्यात ज्याला रेंदेर म्हणतात, तो स्वतंत्र धंदा करीत नसून एखाद्या बागायतदाराच्या नोकरीत असेल, तर माडावरून पडल्यास तोही भरपाईला पात्र ठरतो.

'काम चालू असताना' या शब्दांचा अर्थ किती विस्तृत असू शकतो, हे मराठवाड्यातील एका प्रकरणावरून ध्यानात येईल. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार 22 एप्रिल 2003 रोजी मोटारसायकलवरून कामावर निघाला होता. त्याची पाळी पहाटे 3 ते सकाळी 11 अशी होती. कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर असताना अपघात होऊन तो मरण पावला. नुकसानभरपाई आयुक्तांनी त्याच्या कुटुंबाला 3,26,140 रुपये व त्यावर व्याज देवविले. उच्च न्यायालयाने, अपघात कारखान्याच्या बाहेर झाला म्हणून, तो निर्णय रद्द केला. अखेर 29 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. अवेळी पाळीवर वेळेत पोहोचण्यासाठी निघालेल्या माणसाचा तो प्रवास कामाशी जोडलेलाच आहे, असे न्यायालयाने मानले. घरून कामावर येताना किंवा कामावरून घरी जाताना झालेला अपघात, त्याची वेळ, स्थळ व परिस्थिती यांचा कामाशी संबंध असल्यास, कामातीलच समजावा, अशी तरतूद नव्या संहितेतही आहे. हे खरे; पण पतीच्या मृत्यूनंतर त्या कुटुंबाला अखेरच्या शब्दासाठी बावीस वर्षे थांबावे लागले, हेही विसरता येत नाही.

मालकाला काहीच बचाव नाही, असे मात्र नाही. इजेमुळे तीन दिवसांहून अधिक काळ काम बुडाले नसेल, तर भरपाई द्यावी लागत नाही. कामगार दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली असेल, सुरक्षिततेचा स्पष्ट नियम त्याने हेतुपुरस्सर मोडला असेल, किंवा यंत्रावरील संरक्षक जाळी जाणूनबुजून काढून टाकली असेल, आणि त्यामुळे अपघात झाला असेल, तरीही मालकाची सुटका होते. मात्र अशा वेळी मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर हा बचाव चालत नाही. केवळ निष्काळजीपणा हा तर बचाव नव्हेच. दिवसभर एकच काम करून थकलेल्या माणसाचा हात क्षणभर चुकला, एवढ्यावरून त्याचा हक्क जात नाही.

आता रकमेचा प्रश्न. पुष्कळ मालकांची समजूत अशी असते की, अपघाताची भरपाई म्हणजे दहा-वीस हजारांची बाब. प्रत्यक्ष हिशेब निराळा आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या 50 टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास 60 टक्के रकमेला गुणावयाचे. कामगार जितका तरुण तितका गुणक मोठा, कारण त्याची कमाईची वर्षे अधिक बुडालेली असतात. सोळाव्या वर्षी तो 228.54 आहे, तिसाव्या वर्षी 207.98, पन्नासाव्या वर्षी 153.09, आणि पासष्टीला 99.37. हिशेबासाठी धरावयाच्या वेतनाला कमाल मर्यादा असते. 3 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने ती 8,000 वरून 15,000 रुपयांवर नेण्यात आली.

समजा, तीस वर्षांचा एक कामगार दरमहा 15,000 रुपये मिळवीत होता आणि भट्टीजवळील अपघातात तो मरण पावला. 7,500 ला 207.98 ने गुणले की 15,59,850 रुपये होतात. तोच कामगार दोन्ही हात किंवा दोन्ही डोळे गमावून जिवंत राहिला, तर 9,000 गुणिले 207.98 म्हणजे 18,71,820 रुपये द्यावे लागतात. मृत्यूपेक्षा अपंगत्वाची रक्कम मोठी का, असे कोणी विचारील. ज्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या आधाराने जगावयाचे आहे, त्याचा स्वतःचाही खर्च कुटुंबावर पडतो, हे त्याचे कारण. पन्नास वर्षांच्या कामगाराच्या मृत्यूबद्दल याच वेतनावर 11,48,175 रुपये होतात. पाच माणसांच्या कारखान्याला यांतील कोणतीही रक्कम एकदम उभी करणे म्हणजे यंत्रे विकण्यासारखेच आहे.

अवयव गमावल्यास त्याचेही प्रमाण परिशिष्टात दिलेले आहे. अंगठा गेला तर 30 टक्के, एका हाताची चार बोटे गेली तर 50 टक्के, दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेला तर 40 टक्के. तेव्हा पत्रा कापण्याच्या प्रेसमध्ये वरील तीस वर्षांच्या कामगाराचा अंगठा गेला, तर 18,71,820 चे 30 टक्के, म्हणजे 5,61,546 रुपये होतात. परंतु टक्केवारीचा तक्ता हा शेवटचा शब्द नव्हे. 1968 साली ओरिसातील जेपूर येथे एका चित्रपटगृहात नक्षीकाम करीत असताना एक सुतार पडला व त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचे म्हणणे असे की, तक्त्याप्रमाणे हे पूर्ण अपंगत्व होत नाही. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून त्या माणसापुरते ते पूर्ण अपंगत्वच होय, असे आयुक्तांनी ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली ते कायम केले. भरपाई 9,800 रुपयांची होती. मालकाने ती वेळेवर न दिल्यामुळे त्याला वर 4,900 रुपये दंड व व्याज द्यावे लागले. त्याच निकालाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. भरपाईचे देणे आयुक्तांनी आकडा ठरविल्यावर सुरू होत नाही. ते अपघात घडला त्याच दिवशी अंगावर येते.

जो कामगार काही आठवड्यांनी बरा होऊन कामावर परततो, त्याला दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या 25 टक्के रक्कम द्यावी लागते, आणि ही मदत जास्तीत जास्त पाच वर्षे चालते. अपंगत्व 28 दिवसांहून कमी टिकले, तर पहिले तीन दिवस सोडून ती मोजतात. 28 दिवस किंवा अधिक टिकले, तर पहिल्या दिवसापासून मोजतात. 2009 च्या दुरुस्तीपासून उपचाराचा प्रत्यक्ष झालेला खर्चही मालकाने द्यावयाचा आहे. रुग्णालयाची बिले भरली म्हणजे भरपाई दिली, असा जो समज असतो तो चुकीचा आहे. उपचार वेगळा आणि भरपाई वेगळी.

येथे त्या सहृदय मालकाच्या 'पाहून घेऊ' या वाक्याकडे पुन्हा वळले पाहिजे. कामगार दगावल्यावर तो मालक त्याच्या घरी जातो, विधवेच्या हाती दोन-तीन लाख रुपये ठेवतो, गावातील चार प्रतिष्ठितांच्या समक्ष कागद करून 'आता काही मागणे उरले नाही' अशी सही घेतो, आणि आपण कर्तव्य केले या समाधानात परततो. कायद्याच्या दृष्टीने या कागदाला काहीही किंमत नाही. कामगाराने किंवा त्याच्या वारसांनी आपला भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा कोणताही करार रद्दबातल ठरतो. शिवाय मृत्यूबद्दलची भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे नव्या संहितेच्या भाषेत सक्षम प्राधिकाऱ्याकडे, जमा करावी लागते. परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. अवलंबितांना भरपाईपोटी आगाऊ देता येते ते कामगाराच्या फार तर तीन महिन्यांच्या वेतनाइतके. मग वर्षभराने कोणी जाणत्या माणसाने विधवेला अर्ज करावयास सांगितले, तर त्या मालकाला सारी रक्कम नव्याने भरावी लागते, आणि आपला विश्वासघात झाला असे त्याला वाटते. विश्वासघात कोणीच केलेला नसतो. हा नियम विधवेच्या रक्षणासाठी आहे. दुःखाच्या दिवसांत हाती आलेला पैसा दिरा-भावांत वाटला जाऊ नये, सावकाराने उचलू नये, अज्ञान मुलांचा वाटा सुरक्षित राहावा, म्हणून तो अधिकाऱ्याच्या हातून वाटला जातो. भरपाईवर जप्तीही आणता येत नाही.

उशिराचीही किंमत आहे. देणे निघाल्यापासून एक महिन्यात रक्कम दिली नाही, तर 1923 च्या कायद्याप्रमाणे किमान 12 टक्के व्याज लागे. नव्या संहितेत व्याजाचा दर केंद्र सरकारने ठरवावयाचा आहे. उशिराला योग्य कारण नसेल, तर भरपाईच्या 50 टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

एवढे दायित्व कोणाकोणावर येते? दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला बहुतेक ठिकाणी कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. 1948 च्या कायद्याने निघालेली ही योजना 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. 1 जुलै 2019 पासून तिच्यात वेतनाच्या 3.25 टक्के मालक व 0.75 टक्के कामगार भरतो. ज्याचा या योजनेत विमा आहे, त्याला कामावरील अपघाताबद्दलचे लाभ महामंडळाकडून मिळतात, आणि मग त्याच अपघाताबद्दल मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही. तेव्हा मालकावरील प्रत्यक्ष भार राहतो तो दोन ठिकाणी. एक, दहापेक्षा कमी माणसांचे लहान कारखाने, दुकाने, कंत्राटदार, बागायतदार, ट्रकमालक. दुसरे, मोठ्या कारखान्यांतील ते कर्मचारी, ज्यांचे वेतन राज्य विम्याच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे. ही मर्यादा 1 जानेवारी 2017 पासून 21,000 रुपये झाली. म्हणजे ज्याच्या अंगी सोसण्याचे बळ सर्वांत कमी, त्या लहान मालकावरच हे ओझे सर्वांत थेट पडते. मालक आणि बहुसंख्य कामगार यांची संमती असेल, तर लहान आस्थापनेलाही राज्य विमा योजनेत स्वखुशीने सामील होण्याची सोय संहितेत आहे. तो एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे साधारण विमा कंपनीचे कर्मचारी नुकसानभरपाई विमापत्र.

हे विमापत्र घेतलेच पाहिजे अशी सर्वसाधारण सक्ती 1923 च्या कायद्यात कधीच नव्हती. येथेच बहुतेकांची फसगत होते. विमा ऐच्छिक म्हणून दायित्वही ऐच्छिक असावे, अशी नकळत समजूत होते. वस्तुस्थिती अशी की, दायित्व सक्तीचे आहे. ते स्वतःच्या खिशातून भागवावयाचे की विम्यातून, एवढेच मालकाने ठरवावयाचे असते.

विम्याचा हप्ता ठरविण्याची रीत सोपी आहे. वर्षभरात कामगारांना किती वेतन द्यावे लागेल याचा अंदाज मालकाने कळवावयाचा, आणि कामाच्या धोक्यानुसार त्यावर दर आकारला जातो. कचेरीतील लेखनिकाचा दर कमी, यंत्रावरील माणसाचा त्याहून अधिक, चिरेखाणीत किंवा उंच बांधकामावर असणाऱ्याचा आणखी अधिक. वर्षअखेर प्रत्यक्ष दिलेल्या वेतनाचा आकडा कळवून हप्त्यातील फरक भरावयाचा किंवा परत घ्यावयाचा असतो. येथे एक मोह होतो, आणि तो महागात पडतो. आठ माणसांपैकी पाचच दाखविली, किंवा 15,000 चे वेतन 9,000 लिहिले, तर हप्त्याचे काही रुपये वाचतात. परंतु अपघात नेमका न दाखविलेल्या सहाव्या माणसाला झाला, तर कंपनी हात वर करते आणि कायदा मालकाचा हात धरतो.

विमापत्र हाती आल्यावर ते कपाटात ठेवण्यापूर्वी चार गोष्टी वाचून पाहाव्यात. पहिली, कामाचे वर्णन. 'लेथकाम' असे लिहिलेले असेल आणि माणूस छपरावर पत्रे बसविताना पडला, तर वाद निघतो. दुसरी, उपचाराचा खर्च. तो पुष्कळदा ठराविक रकमेपर्यंतच दिला जातो किंवा वेगळा हप्ता भरल्यावरच मिळतो. कायद्याने तर मालकाने प्रत्यक्ष खर्च द्यावयाचा आहे. तिसरी, व्यवसायजन्य रोग. बेळगावसारख्या ठिकाणी फाउंड्रीच्या वाळूची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत जाते व फुप्फुसे दगडासारखी होतात. हा सिलिकोसिस कायद्याच्या यादीत आहे व त्याची भरपाई अपघाताप्रमाणेच द्यावी लागते. विमापत्रात मात्र त्याचा समावेश मागून घ्यावा लागतो. चौथी, व्याज व दंड. व्याज कंपनीने सोसावे की नाही हे करारावर अवलंबून राहू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली म्हटले आहे. दंड हा मालकाच्या स्वतःच्या कसुरीचा असल्यामुळे तो कंपनीवर टाकता येत नाही, हे 1997 च्या निर्णयाने स्पष्ट झाले आहे.

टेम्पोच्या किंवा ट्रकच्या विम्याविषयीही येथेच सांगितले पाहिजे. मोटार वाहन कायद्यानुसार सक्तीच्या विम्यात चालकाविषयीचे आणि मालवाहू गाडीवर असणाऱ्या कामगारांविषयीचे भरपाईचे दायित्व समाविष्ट असते. परंतु ते त्या गाडीपुरते आहे. तोच हमाल गोदामात पोत्यांच्या थप्पीखाली सापडला, तर गाडीचे विमापत्र उपयोगी पडत नाही.

कंत्राटदार मध्ये आला म्हणजे आपण सुटलो, असेही मालकाने समजू नये. समजा, खानापूरकडील एका काजू कारखान्याच्या मालकाने बिया भाजण्याचे काम कंत्राटदाराला दिले. ते काम त्या धंद्याचाच भाग असल्यामुळे, कंत्राटदाराचा कामगार भाजला, तर भरपाई मूळ मालकाकडे मागता येते. मालकाने ती देऊन मग कंत्राटदाराकडून वसूल करावी. म्हणून कंत्राट देण्यापूर्वी कंत्राटदाराचे विमापत्र पाहावे, किंवा त्याची माणसे स्वतःच्या विमापत्रात घालून घ्यावीत.

अपघात झाल्यावर काय करावे, याचाही क्रम ठरलेला असावा. प्रथम अर्थातच उपचार. नंतर अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, साक्षीदार यांची नोंद त्याच दिवशी लिहून काढावी. विमा कंपनीला लेखी कळवावे. मृत्यू किंवा गंभीर इजा झाली असेल, तर सात दिवसांच्या आत संबंधित अधिकाऱ्याकडे अहवाल पाठवावा. देय रकमेबद्दल वाद असला, तरी जेवढी मान्य आहे तेवढी रक्कम ताबडतोब द्यावी किंवा जमा करावी. उरलेल्याचा वाद पुढे चालू शकतो. कामगारानेही आपल्या बाजूने दक्ष राहावे. हजेरीची नोंद, वेतनाची पावती, रुग्णालयाची कागदपत्रे जपून ठेवावीत. अर्जाला जुन्या कायद्यात दोन वर्षांची मुदत होती. पण मुदतीचा विचार न करता अर्ज लवकर करणे केव्हाही हिताचे. मालक दिवाळखोर झाला, तर त्याचा विमा कंपनीवरील हक्क कामगाराकडे येतो, हेही कामगाराने ध्यानात ठेवावे. म्हणजे कारखाना बुडाला तरी विमापत्र असेल, तर विधवेची भरपाई बुडत नाही.

या साऱ्यात विमा प्रत्यक्षात काय करतो? तो गेलेला अंगठा परत आणीत नाही, आणि यंत्रावर जाळी बसविण्याचे कामही करीत नाही. ते मालकालाच करावयाचे असते. परंतु विमा नसतो तेव्हा अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी मालक व कामगार एकमेकांचे प्रतिपक्षी होतात. एकाला रक्कम कमी करावयाची असते, दुसऱ्याला ती मिळवावयाची असते. आणि वीस वर्षांचा घरोबा कचेरीच्या पायऱ्यांवर संपतो. विमा असेल, तर तोच मालक कामगाराच्या घरी जाऊन अर्ज भरण्यास मदत करू शकतो, साक्ष देऊ शकतो, कागद मिळवून देऊ शकतो. दोघांचे हित एकाच दिशेला जाते.

'आमची माणसे घरच्यासारखी आहेत' हे वाक्य खरे करावयाचे असेल, तर येत्या वर्षाच्या हिशेबात, भाडे आणि विजेच्या बिलाशेजारी, या हप्त्यासाठी एक ओळ राखून ठेवावी. आणि विमापत्र घेतल्यावर त्याची एक प्रत कारखान्याच्या भिंतीवर, जेथे कामगार आपले डबे ठेवतात तेथे, लावावी. ज्यांच्यासाठी ते घेतले आहे, त्यांना ते आहे हे ठाऊक असले पाहिजे.